वाचकांचे प्रश्न : उपचाराच्या खोलीत प्राणी येतो तेव्हा

मागील अंकात मानसोपचारात कुत्रे, घोडे, ससे अशा प्राण्यांना सहभागी करून घेण्याच्या पद्धतीची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत रुग्णाला कितपत फायदा होतो हे विचारले आहे. प्राण्यावर काय परिणाम होतो, हे विचारणारी पत्रे मोजकीच आहेत. उत्तरे देताना मी या दुसऱ्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून आहे.

प्रश्न : मी लहान मुलांसाठी समुपदेशन केंद्र चालवते. माझ्याकडे चार वर्षांचा लॅब्रडॉर आहे. तो अतिशय प्रेमळ आहे, कधी कोणावर भुंकलेलाही नाही. मुले लवकर बोलती व्हावीत म्हणून त्याला केंद्रात आणावे असे वाटते. सुरुवात कशी करावी?
– एक समुपदेशक, नाशिक

तुमचा कुत्रा प्रेमळ आहे याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र घरातल्या ओळखीच्या माणसांवर जीव लावणे वेगळे आणि रडणाऱ्या, किंचाळणाऱ्या, अचानक अंगावर झेपावणाऱ्या अनोळखी मुलांच्या सहवासात शांत व आनंदी राहणे वेगळे. पहिले जमते म्हणून दुसरे जमेलच असे नाही, आणि जमले नाही तर तो त्या कुत्र्याचा दोष नाही. म्हणून केंद्रात आणण्याआधी त्याची स्वभावचाचणी तुमच्या ओळखीबाहेरच्या जाणकाराकडून करून घ्यावी. आपल्याच कुत्र्याबाबत आपण तटस्थ राहू शकत नाही. महाराष्ट्रात या क्षेत्रात बरीच वर्षे काम करणाऱ्या ॲनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या संस्था आहेत. त्यांच्याकडे चौकशी करता येईल. पशुवैद्याकडून संपूर्ण तपासणी, रेबीजसह सर्व लसी, ठरावीक अंतराने जंतांचे औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि या सगळ्याची लेखी नोंद हे तर हवेच.

कुत्रा कधीच भुंकत नाही, हे तुम्ही त्याचा गुण म्हणून लिहिले आहे. मला त्याविषयी थोडे अधिक जाणून घ्यावेसे वाटते. काही कुत्रे स्वभावतःच शांत असतात. काही मात्र लहानपणी गुरगुरल्याबद्दल वारंवार दरडावले गेल्यामुळे गप्प झालेले असतात. गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. ती सूचनाच आपण बंद करून टाकली, तर असह्य झाल्यावर तो थेट चावण्याची शक्यता उरते.

आता मुख्य मुद्दा. या उपचारपद्धतीचा इतिहास सांगताना न्यूयॉर्कमधील बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांचा उल्लेख हटकून येतो. एक अबोल मुलगा ठरलेल्या वेळेच्या आधीच पालकांसह त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. तो मुलाजवळ गेला आणि कोणाशी न बोलणारा तो मुलगा त्या कुत्र्याशी रमला. १९६२ मध्ये लेविन्सन यांनी कुत्र्याला सह-उपचारक म्हणणारा लेख प्रसिद्ध केला. ही हकिकत नेहमी मुलाच्या बाजूने सांगितली जाते. मला त्यात जिंगल्सची बाजू तितकीच महत्त्वाची वाटते : त्याला कोणी पुढे ढकलले नव्हते, पट्ट्याने ओढून मुलासमोर बसवले नव्हते. तो आपणहून गेला होता आणि नको असते तर उठून जाऊही शकला असता. रुग्णाकडून किंवा पालकांकडून आपण संमतिपत्रावर सही घेतो. कुत्र्याची सही घेता येत नाही. म्हणून त्याने दिलेला नकार आपल्याला कळेल आणि तो तत्काळ पाळला जाईल, अशी व्यवस्था आधीच करून ठेवणे एवढाच मार्ग आपल्या हातात राहतो.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो. खोलीच्या एका कोपऱ्यात कुत्र्याची चटई आणि पाण्याचे भांडे असावे, आणि तो चटईवर असताना त्याला कोणीही हात लावायचा नाही हा नियम मुलाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावा. मुलाने कुत्र्याकडे जाऊ नये. त्याने बसून हाक मारावी आणि कुत्रा आला तर छातीवर किंवा खांद्यावर हात फिरवावा. कुत्रा आला नाही, तर त्या दिवशी तो आला नाही. सत्र तीस ते पंचेचाळीस मिनिटांपेक्षा लांबवू नये, असे मानव-प्राणी संबंधांवर काम करणाऱ्या आयएएचएआयओ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या श्वेतपत्रिकेत म्हटले आहे. लहान मुलांच्या बाबतीत मी त्याहूनही कमी वेळ सुचवीन. सत्रानंतर त्याला मोकळ्या जागी फिरायला, हुंगायला नेणे हा कामाचाच भाग समजावा.

याहून महत्त्वाचे म्हणजे खोलीत तुमच्याशिवाय कुत्र्याकडे पाहणारी दुसरी व्यक्ती असली पाहिजे. एकट्याने दोन्ही सांभाळणारे उपचारक परदेशात आहेत, तरी सुरुवात करणाऱ्याने तो मार्ग धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, सात वर्षांची मुलगी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून, त्याच्या मानेत तोंड खुपसून, घरात काय घडले ते पहिल्यांदाच सांगू लागली आहे. त्या क्षणी तुमचे सारे लक्ष तिच्या शब्दांवर असणार आणि असायलाच हवे. त्याच क्षणी कुत्रा तोंड बाजूला वळवतो, खाणे समोर नसताना जिभेने नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते, एक पंजा किंचित उचलला जातो आणि अंगाचा भार मागच्या पायांवर जातो. दुरून पाहणाऱ्याला हे दृश्य हृद्य वाटेल, कोणी फोटोही काढेल. पण कुत्रा ‘मला सोडा’ असे सांगत असतो. शेवटी अंग ताठ होते आणि तो निश्चल राहतो, तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो. दुसरी व्यक्ती तिथे असेल तर ती पहिल्या दोन खुणांनाच हलकेच कुत्र्याला हाक मारून बाहेर नेऊ शकते.

कुत्रा उठून गेला तर मुलाला नाकारले गेल्यासारखे वाटेल, ही काळजी रास्त आहे, विशेषतः ज्या मुलांनी मोठ्यांकडून दुरावा किंवा अत्याचार सोसला आहे त्यांच्या बाबतीत. त्यासाठी मुलाची आधीच तयारी करावी लागते : कुत्र्यालाही कधी एकटे राहावेसे वाटते, तो गेला म्हणजे तू वाईट आहेस असे नाही. माझा अनुभव असा की नीट हाताळल्यास हाच प्रसंग उपचाराला पुढे नेतो. स्वतःच्या नकाराला कधीच किंमत न मिळालेले मूल, एका जिवाने ‘नको’ म्हटले आणि सगळ्या मोठ्या माणसांनी ते निमूटपणे मानले, हे डोळ्यांसमोर पाहते. याउलट, घुसमटलेल्या कुत्र्याला धरून ठेवून त्याच मुलाला आपण काय शिकवतो, याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट : प्राण्यांना इजा करण्याचा पूर्वेतिहास असलेल्या मुलाच्या उपचारात कुत्रा आणण्याची घाई करू नये. त्या मुलाला मदतीची गरज निश्चित आहे, पण ती कुत्र्याच्या अंगावर प्रयोग करून द्यायची नाही.

प्रश्न : आमचा आठ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. जवळच्या एका केंद्राने ‘डॉग थेरपी’ सुचवली आहे. दुबईतले नातेवाईक डॉल्फिनसोबतच्या उपचारांबद्दल सांगतात. यांपैकी काही करावे का? सध्याची स्पीच थेरपी थांबवावी का?
– एक पालक, ठाणे

स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी थांबवू नये. प्राण्यांचा सहभाग ही चालू उपचारांना दिलेली जोड असते, त्यांची जागा घेणारी गोष्ट नव्हे. जे केंद्र ‘बाकी सगळे सोडा, याने मूल बरे होईल’ असे सांगते, तिथून तुम्ही उठून यावे.

उपयोग होतो का, याचे प्रामाणिक उत्तर ‘काही प्रमाणात, काही मुलांना’ असे आहे. २००७ मध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा स्वमग्नतेशी संबंधित लक्षणे, वर्तनसमस्या आणि भावनिक स्वास्थ्य यांवर मध्यम स्वरूपाचा अनुकूल परिणाम आढळला. परंतु या क्षेत्रातले अनेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत. ऑस्ट्रेलियातील शाळांमध्ये झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला बोलका वाटतो. स्वमग्न मुले खेळण्यांच्या सहवासात असताना आणि गिनी पिगच्या सहवासात असताना कशी वागतात याची तुलना त्यात केली होती. गिनी पिग समोर असताना ही मुले भोवतालच्या माणसांशी अधिक बोलली, त्यांच्याकडे अधिक पाहू लागली, अधिक हसली. म्हणजे प्राणी माणसाकडे जाण्याची वाट सोपी करतो. त्या वाटेवर पुढे कसे जायचे हे प्रशिक्षित उपचारकच ठरवतो.

केंद्रात मुलाला न नेता आधी एकटेच जा आणि बघा. उपचार करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का? तुमच्या मुलासाठी ठरवलेले उद्दिष्ट लिहून दिले जाते का? एकच कुत्रा दिवसातून किती मुलांबरोबर काम करतो? तो कुठे विश्रांती घेतो, ती जागा दाखवा असे म्हणा. ‘कुत्र्याला नको असेल तर तुम्ही काय करता?’ हा प्रश्न अवश्य विचारा. ‘आमचा कुत्रा कधीच नाही म्हणत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते अभिमानाने दिलेले असले तरी काळजीचे आहे. स्वमग्न मुलाचा स्पर्श कधी फार जोराचा असतो, कधी तो अचानक ओरडतो. ते सोसण्याची सक्ती कुत्र्यावर होता कामा नये. तुमच्या मुलाला ओला श्वास, केस किंवा कुत्र्याचा वास सहन होत नसेल, तर त्याच्यावरही नको.

डॉल्फिनविषयी मात्र माझे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. लोरी मरीनो आणि स्कॉट लिलियनफेल्ड या अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये डॉल्फिन उपचारांच्या बाजूने मांडले जाणारे अभ्यास तपासले, तेव्हा त्यांच्या पद्धतीतच गंभीर उणिवा आढळल्या. डॉल्फिन हा समुद्रात रोज लांबवर पोहणारा, कळपात राहणारा वन्य प्राणी आहे. हौदातले त्याचे जगणे हीच मुळात यातना आहे. त्याच्या चेहऱ्यावर दिसणारे हसू ही केवळ जबड्याची ठेवण असते. भारत सरकारने २०१३ मध्येच डॉल्फिनेरियमना (डॉल्फिन ठेवून त्यांचे खेळ दाखवणाऱ्या हौदांना) परवानगी न देण्याचे धोरण राज्यांना कळवले. वर उल्लेखलेली श्वेतपत्रिकाही अशा उपचारांसाठी माणसाळलेल्या प्रजातींचाच विचार करावा, वन्य प्राण्यांचा नाही, असे सांगते. दुबईचा तो खर्च मुलाच्या नियमित उपचारांसाठी राखून ठेवावा.

प्रश्न : आमच्या शाळेत समुपदेशन कक्ष सुरू झाला आहे. तिथे मुलांचे मन रमावे म्हणून दोन ससे आणि एक पोपट ठेवण्याचा विचार आहे. एका पालकांनी पोपट देऊ केला आहे. शाळेच्या आवारात वाढलेली दोन-तीन भटकी कुत्रीही आहेत. त्यांचा उपयोग करता येईल का?
– मुख्याध्यापिका, कोल्हापूर जिल्हा

पोपटापासून सुरुवात केली पाहिजे, कारण तिथे निवडीला वावच नाही. आपल्याकडचा हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि त्याला पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. घरोघरी दिसतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. देऊ करणाऱ्या पालकांना वनविभागाशी संपर्क साधायला सांगावे. त्यांनी तो नुसता उडवून देऊ नये, कारण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर तग धरू शकत नाही.

सशांविषयी मला अधिक काळजी वाटते, कारण ससा हा मुलांसाठी ‘सोपा’ प्राणी आहे असा सार्वत्रिक समज आहे. ससा ही शिकार होणाऱ्यांच्या जातीतली प्रजाती आहे. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या पक्ष्यासारखा वाटतो. भीती वाटली की तो सहसा ओरडत नाही, तर कान पाठीला चिकटवून, डोळे विस्फारून, अंग आक्रसून निपचित होतो, आणि मुले म्हणतात, ‘बाई, बघा किती शांत बसलाय!’ त्याला उताणे केले की तो पूर्ण सैल पडतो; त्याचे व्हिडिओ लोक कौतुकाने पाहतात, पण ती भीतीने आलेली निश्चलता असते. उचलल्यावर त्याने मागचे पाय जोरात झाडले, तर त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो. शिवाय तो उकाड्याने लवकर आजारी पडतो, मग एप्रिल-मे महिन्यांत बंद कक्षात त्याची देखभाल कोण करणार, दिवाळीच्या सुट्टीत त्याला रोज ताजे गवत कोण घालणार? या प्रश्नांची नावनिशीवार उत्तरे तुमच्याकडे नसतील तर ससे आणू नयेत. प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याची कायदेशीर जबाबदारी असते. शाळेच्या बाबतीत ती जबाबदारी शिपायाच्या नव्हे, तर तुमच्या खुर्चीकडे येते.

आवारातल्या कुत्र्यांना कक्षात आणू नये. त्यांचा स्वभाव चांगला असला तरी त्यांना मोकळ्या जागेची सवय आहे आणि बंद खोलीतली गर्दी त्यांना घाबरवील. त्यांचे निर्बीजीकरण व रेबीजचे लसीकरण करून घ्या. कुत्रा चावला किंवा त्याची नखे लागली, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक वर्गात शिकवा. मुलांना प्राण्यांजवळ न्यायचेच असेल, तर समुपदेशकाने मुलांच्या छोट्या गटाला बाहेर झाडाखाली बसवून, लांबून त्या कुत्र्यांचे निरीक्षण करायला लावावे : शेपटी कशी आहे, कान कुठे आहेत, आत्ता त्याला काय वाटत असेल? दुसऱ्याचे मन ओळखण्याचा हा सराव हात न लावताही होतो, आणि ग्रामीण भागात घरी गाई, शेळ्या असणाऱ्या मुलांकडे या विषयावर सांगण्यासारखे आपल्यापेक्षा जास्त असते.

प्रश्न : माझी आई वृद्धाश्रमात आहे, तिला स्मृतिभ्रंश आहे. तिथे महिन्यातून एकदा कुत्रे आणतात आणि सर्वांना सभागृहात बसवतात. तिला लहानपणापासून कुत्र्यांची भीती आहे, पण आता ती नीट सांगू शकत नाही.
– एक वाचक, मडगाव

व्यवस्थापनाला लेखी कळवावे की आईंना त्या वेळी त्यांच्या खोलीत किंवा दुसऱ्या कामात गुंतवून ठेवावे. स्मरणशक्ती क्षीण झाली तरी भीती शाबूत असते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचा नकार त्याच्या आयुष्याच्या माहितीवरून ओळखणे हे कुटुंबीयांचे काम आहे. भीती नसलेल्या पण धार्मिक कारणाने किंवा ॲलर्जीमुळे कुत्र्याचा स्पर्श न चालणाऱ्या व्यक्तींनाही हेच लागू आहे. आईंना मऊ, उबदार काही कुशीत घ्यायला आवडत असेल, तर साधी कापडी बाहुलीसुद्धा पुरते. जपानमध्ये तयार झालेला, सीलच्या पिल्लासारखा दिसणारा ‘पारो’ हा यंत्रप्राणी अनेक देशांत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वापरला जातो. त्याच्या वापरात कोणत्याही जिवाला थकवा येत नाही, ही त्याची जमेची बाजू आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला नैराश्य आहे. गोळ्या चालू आहेत. ‘कुत्रा आणा, आपोआप बरा होईल’ असे सगळे सुचवतात. आणावा का?
– एक वाचक, सातारा

तुमच्या भावाला स्वतःहून कुत्रा हवा आहे का, हे पत्रात कुठेच आलेले नाही. तोच पहिला प्रश्न आहे. कुत्र्यामुळे सकाळी उठायला कारण मिळते, बाहेर पडणे होते, बोलायला कोणी मिळते, हे खरे आहे. पण नैराश्यात असेही दिवस येतात की माणसाला स्वतःला जेवायचे त्राण नसते. अशा दिवशी कुत्र्याला फिरवून आणणारी, खाऊ घालणारी दुसरी व्यक्ती घरात असली पाहिजे, आणि हे पुढची दहा-बारा वर्षे चालणार आहे. नाही तर उपाशी कुत्र्याकडे पाहून भावाची अपराधी भावनाच वाढेल. आधी ओळखीच्या कोणाच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा फिरवण्याचे काम त्याने करून बघावे. त्याला बरे वाटले आणि घरातल्या सगळ्यांची तयारी असली, तर सहा-आठ महिन्यांनी पुन्हा विचार करा. त्या वेळी पिल्लू न आणता, आश्रयगृहातला शांत, वयाने मोठा कुत्रा बघावा. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत. भाऊ जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, दिवसरात्र मोफत बोलता येते.

प्रश्न : माझी गोल्डन रिट्रीव्हर पाच वर्षे एका उपचार केंद्रात माझ्यासोबत काम करते आहे. आता ती नऊ वर्षांची आहे. रुग्ण तिच्यात फार गुंतले आहेत, केंद्रालाही ती हवी आहे. तिला कधी थांबवावे?
– एक हँडलर, पुणे

तुम्ही हा प्रश्न विचारता आहात, त्याअर्थी तुम्हाला काही बदल जाणवले असावेत. केंद्राच्या दाराशी आल्यावर तिची पावले मंदावतात का? पट्टा हातात घेतल्यावर पूर्वीसारखी ती उठून येते का? पाठीवर किंवा कमरेवर हात फिरवला की मान वळवून बघते का? या वयात सांधेदुखी बऱ्याचदा लंगडण्याच्या आधी अशा छोट्या चिडचिडीतून दिसते. म्हणून आधी पशुवैद्याकडून सांधे, दात, डोळे आणि कान तपासून घ्या. दुखणे निघाले तर उपचार करा, पण ‘औषध देऊन काम चालू ठेवू’ हा विचार करू नका.

दुखणे नसले तरी आतापासूनच तिची सत्रे निम्मी करा आणि तिला आवडणाऱ्या एखाद-दोन रुग्णांपुरतीच ठेवा. केंद्राची गरज हा तिचा प्रश्न नाही. तो केंद्राने दुसरा प्राणी तयार करून किंवा प्राण्याशिवाय काम करून सोडवावा. रुग्णांना मात्र ती अचानक दिसेनाशी होऊ देऊ नका. उपचारकांशी बोलून शेवटच्या भेटीची तारीख काही आठवडे आधी जाहीर करा, म्हणजे प्रत्येकाला तिचा निरोप घेता येईल. मुलांना ती कामातून निवृत्त होत असून तुमच्या घरीच राहणार आहे असे खरे सांगा, आणि पुढे कधी ती आजारी पडली किंवा गेली, तर तेही त्यांच्यापासून लपवू नका. काम थांबल्यावर काही कुत्रे ठरलेल्या वेळी दाराशी जाऊन बसतात. त्या वेळेला तिला वेगळ्या रस्त्याने फिरायला न्या, आणि किती चालायचे, कुठे थांबायचे ते तिला ठरवू द्या.